माती कोरडी दिसली तर

“हे बघ, माती कोरडी दिसली तर पाणी घालायचं नाही. आधी माझं दार वाजवायचं.”

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत गुडघे टेकून घेवडामावशी बोलत होत्या. मी बाळाला खांद्यावर थोपटत उभी.

“काहीतरीच काय मावशी! तहानलेल्या झाडासाठी तुमचं दार कशाला?”

“मी धडधाकट आहे तोवर ही माती कोरडी पडायची नाही, म्हणून. एवढी शिकलीस, एवढं कळत नाही?”

“शंभरी गाठाल तुम्ही,” मी हसले. तेवढ्यात बाळ शिंकलं म्हणून घरात पळाले.

मावशींनी जन्मभर हॉस्पिटलच्या शिवणखोलीत फाटक्या चादरी सांधल्या. निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या खोलीत एकट्याच राहायच्या. समोरच्या पट्टीत पूर्वी सिगारेटची थोटकं आणि कुत्र्यांचा कारभार. तिथे त्यांनी घेवडा चढवला. वेल काठ्यांना बांधायला जुन्या चादरींच्या पट्ट्या, त्याही कडा दुमडून टाके घातलेल्या.

“वेलाला कसली आलीय शिलाई?” वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन चिडवायचा.

“तुझ्या वायरी लोंबतात तशी माझी कामं लोंबत नाहीत,” मावशी सुनवायच्या.

शेंगा कुणीही तोडाव्यात. न तोडणाऱ्यालाच बोलणी बसत. “शेंग जून झाली की वेलाला वाटतं, आपलं काम संपलं. मग फूल धरत नाही. न्या गं, लाजताय काय!”

मी सगळ्यावर नजर ठेवणारी बाई. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून बघणारी, गॅस बंद केला की नाही ते पुन्हा पुन्हा तपासणारी. एका दुपारी खिडकीतून वाफा करडा, भेगाळलेला दिसला. बाळ सर्दीने बेजार होऊन नुकतं कुठे झोपलं होतं. मावशींना कंटाळा आला असेल, म्हणून आंघोळीचं उरलेलं पाणी चटकन ओतून आले. बरंही वाटलं, कुणाच्या तरी उपयोगी पडले म्हणून. दुसऱ्या दिवशी माती ओली होती. म्हणजे मावशी आहेत. त्यानंतरही ओलीच.

मग शेंगा तोडायला खाली गेले, तर वेलाचा कोवळा शेंडा निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीने बांधलेला. इलेक्ट्रिशियन शेजारी सायकल पुसत होता.

“ही दोरी कुणाची?”

“माझी. शेंडा लोंबत होता. मावशी दिसल्या नाहीत, म्हटलं आपणच बांधू. आता ऐकवतील मला.”

“आणि पाणी?”

“समोरच्या बाई घालतात की. काल बादली घेऊन आल्या होत्या. मला वाटलं, मावशींनीच सांगितलंय.”

“तू मावशींना शेवटचं कधी बघितलंस?”

फडकं टाकून तो मागच्या खोलीकडे धावला, त्याच्यामागे मी.

दार वाजवून उघडेना, तेव्हा त्याने ते पहारीने उघडलं. मावशी दारापासून हातभर अंतरावर पडल्या होत्या. डोळे उघडे, आमच्याकडे बघणारे. शेजारी झारी कलंडलेली. तिच्यातलं पाणी फरशीवर केव्हाच वाळून गेलं होतं.

हॉस्पिटल त्यांचंच. “लगेच आणलं असतं तर...” एवढं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मावशींची वाचा गेली होती. एक हात तेवढा हलत होता. तो चादरीच्या कडेवरून सरकत जायचा, कड संपली की मागे यायचा. एका जागी शिवण उसवली होती, तिथे बोट थांबलं ते थांबलंच.

“मावशी, शेंगा छान लागल्यात हं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच रात्री गेल्या.

आता त्या पट्टीकडे कुणी फिरकत नाही. शेंगा वेलावरच वाळल्या. वाऱ्याने त्यांतले दाणे खुळखुळतात आणि बाळ माझ्या कडेवरून मान वळवून बघतं. त्याला ते खेळणं वाटतं. चादरीच्या पट्ट्यांचे टाके मात्र अजून एकही उसवले नाहीत.

तुमच्याही रस्त्याच्या कडेला कुणीतरी असंच चार रोपं लावून बसलं असेल. माती कोरडी दिसली तर हातातली बादली खाली ठेवा आणि आधी त्यांचं दार वाजवा. आणि वाफा हिरवागार दिसला, तर तेवढ्यावर विसंबून घरी जाऊ नका. तरीही वाजवा.