माझी कल्हई कोणी घासली?

मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटे रुंद, अंगाला चार भोके. विजेच्या सामानाच्या एका दुकानात भिंतीवरच्या खिळ्याला मी लटकते आहे. माझे एक टोक जळून काळे पडले आहे, मधला भाग हिरवा आहे आणि बोट फिरवले तर खरखर लागते. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की बहुधा गहिवरून सांगतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तांबे तापवले, रुळांमधून दाबून लांबलचक पट्टी काढली, कापली आणि भोके पाडली. मग आमच्यातल्या अर्ध्या पट्ट्या तशाच लाल ठेवल्या आणि उरलेल्या अर्ध्या वितळलेल्या कथलात बुडवून काढल्या. स्वयंपाकाच्या भांड्यांना कल्हई करतात, तसेच हे. भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात आंबट ठेवले, की ते कळकते. आमचेही तसेच असते. मला कल्हई मिळाली. मी राखाडी झाले, जरा मळकट म्हणा ना. शेजारची लाल बहीण लखलखत होती आणि मी आपली राखेने घासलेल्या पातेल्यासारखी.

आम्ही दोघी एकाच दुकानात, एकाच खणात आलो. तिथे एक वायरमन यायचा. लहानपणी त्याने विजेच्या खोबणीत खिळा घातला होता, तेव्हापासून सगळे त्याला ठिणग्या म्हणत. माणूस हसरा, पण कामाला बसला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. माझ्या लाल बहिणीला त्याने एका शिवणकामाच्या खोलीत नेऊन बसवले. कोरडी खोली, स्वच्छ हवा, दिवसभर यंत्रांची घरघर. ती थोडी तपकिरी झाली, बाकी तिच्या केसालाही धक्का लागला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नागडे तांबे वाईट आणि कल्हईवालेच तेवढे चांगले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कोण कुठे राहणार आहे, हे आधी बघावे लागते.

मला त्याने स्वतःच्या बहिणीसाठी घेतले. ठिणग्याची थोरली बहीण सासरची कोंबड्यांची शेड सांभाळत होती. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. सगळा कारभार ताईकडे होता आणि तो आपल्या हातात यावा म्हणून तिचा दीर टपून बसला होता. दुकानदाराने ठिणग्याला लाल पट्टी स्वस्तात द्यायची तयारी दाखवली. तो नको म्हणाला. त्या शेडमध्ये कोंबड्यांच्या विष्ठेचा असा उग्र वास उठतो की डोळ्यांतून पाणी येते, आणि ती हवा नागड्या तांब्याला खाते, असे त्याने सांगितले. मला पिशवीत टाकून तो निघाला.

शेडच्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीत मी बसले. बाहेरून आलेली वीज माझ्या अंगावरून आठही पंख्यांना जायची. चार बोल्ट घट्ट आवळून ठिणग्याने ताईला सांगितले, की ही तांब्याचीच आहे, वरून कल्हई आहे, हिच्याकडे बघायलाही नको. तीन वर्षे मी काम केले. पंखे कधी थांबले नाहीत. माझे कौतुक कोणी केले नाही आणि मला ते नकोही होते. विजेच्या सामानाकडे कोणी बघत नाही, तोवर त्याचे बरे चाललेले असते.

पण एका सकाळी दिराने पेटी उघडली. काय शोधत होता कोण जाणे. त्याला मी दिसले आणि त्याचा चेहरा असा खुलला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"वहिनी, तुमच्या भावाने आपल्याला टोपी घातली," तो म्हणाला. "तांबं सांगून ॲल्युमिनियम लावलंय."

ताई कल्हईचे सांगू लागली, तर तो हसायलाच लागला. कल्हई भांड्यांना करतात, विजेच्या सामानाला नाही, म्हणाला. खुराड्यात उभे राहणाऱ्या माणसाला किती अक्कल असते, ते मी तीन वर्षे पाहत होते. त्या मानाने कोंबड्या बऱ्या. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने वीज बंद करायचा मोठा खटका पाडला, सुरी आणली आणि माझ्या कोपऱ्यावर एक ओरखडा काढला. आतून मी लालबुंद.

"बघा नीट," ती म्हणाली. "माझा भाऊ चोर नाही."

दिराचे तोंड पाहण्यासारखे झाले. खरे सांगते, त्या क्षणी मला ताईचा फार अभिमान वाटला. भावासाठी एवढ्या खमकेपणाने उभी राहणारी बहीण कुणाला आवडणार नाही? एका ओरखड्याने माझे काही बिघडणार नव्हते. तिथेच पेटी बंद केली असती, तर मी आजही तिथे असते.

पण हरलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. दीर म्हणाला, एवढे चांगले तांबे आहे तर ते झाकून ठेवायचे कशाला? चकचकीत करून टाका, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळू दे भावाने काय माल लावलाय. तो टोमणा होता. ताईला ते कौतुक वाटले. तिने बोल्ट खोलले, मला मांडीवर घेतले आणि पॉलिश पेपरने घासायला बसली. दोन्ही बाजू, कडा, भोकांच्या भोवतीची जागा, काहीही सोडले नाही. घासताना गुणगुणत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती आणि ती गुणगुणत होती! फोन तिच्या कमरेला खोचलेला होता. "अरे, ही घासली तर चालेल का?" एवढे भावाला विचारायला किती वेळ लागला असता?

मी लखलखू लागले. सगळ्यांनी येऊन बघितले. दीरसुद्धा छान म्हणाला. ताईने मला पुन्हा पेटीत बसवून बोल्ट आवळले. भाऊ आला की त्याला दाखवू, असे ताईने ठरवले. पण सगळे सुरळीत चालू असताना वायरमनला कोण बोलावतो? ठिणग्या फिरकलाच नाही.

मग थंडी आली. कोंबड्यांना गारठा लागू नये म्हणून शेडचे पडदे खाली सोडले आणि तो वास आत कोंडला. बोल्टखाली, जिथे वायरीचे टोक आणि मी घट्ट चिकटायला हवे, तिथेच मला हिरवट थर चढू लागला. वीज जायला अडखळू लागली. मी तापू लागले. लखलखाट तर पंधरवड्यातच गेला होता. तेव्हा मात्र कोणी पेटी उघडून पाहिली नाही.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी आठही पंखे जोरात चालू होते. माझ्या टोकापाशी वायर वितळली, जाळ उडाला आणि सगळे एका क्षणात थांबले. ताई धावत आली. तिने पडदे वर ओढले, कौलांवर पाणी मारले, माठातले पाणी पत्र्याच्या ताटांत ओतले. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. मग एकेक खाली बसू लागली. बसलेली पुन्हा उठत नव्हती. ठिणग्या मोटारसायकलवरून पोहोचला, तोवर निम्मी शेड आडवी झाली होती.

शेजारपाजारचे लोक जमले होते. सगळ्यांच्या देखत दीर म्हणाला, "या पाहुणे. बघा तुमचा माल." ठिणग्याने पेटी उघडली. मला बाहेर काढून तो उन्हात गेला आणि त्याने मला उलटीपालटी केली. हिरव्या थराखाली पॉलिश पेपरचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. त्याला सगळे कळले. तरी त्याने विचारलेच.

"ताई, हिला कोणी घासलं?"

मित्रांनो, मी तिच्या तोंडाकडे बघत होते. एकच शब्द बोलायचा होता. मी, असा. दीर जमिनीकडे बघत होता. ज्याची कल्पना त्याचीच दातखीळ बसली होती. ताईने एकदा दिराकडे बघितले, एकदा मेलेल्या कोंबड्यांकडे. आपले नाव पुढे आले तर कारभार हातचा जाणार, हे तिला दिसत होते. ज्या भावाला चोर म्हटले म्हणून ती सुरी घेऊन धावली होती, त्याच भावासमोर ती उभी होती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," ठिणग्या म्हणाला आणि कामाला लागला. त्याने नवी कल्हईची पट्टी बसवली, मला पिशवीत टाकले आणि पाणीही न पिता निघून गेला. एका माणसाची अब्रू गेली आणि तिथे एकालाही वाईट वाटले नाही. सगळे कोंबड्याच मोजत होते.

त्यानंतर त्याला कामे मिळेनात. सख्ख्या बहिणीच्या कोंबड्या ज्याच्या कामाने मेल्या, त्याला घरात कोण घेणार? शेवटी त्याने हे छोटे दुकान टाकले आणि मला या खिळ्याला लटकावले. येणारा प्रत्येक जण विचारतो, "बहिणीकडे जळाली ती हीच का?" तो "हो" म्हणतो आणि गप्प बसतो. मला दिराचा राग आहे, ताईचा तर आहेच, पण या गप्प बसणाऱ्याचा सगळ्यांत जास्त आहे. मला तोंड नाही म्हणून मी गप्प. याला काय झाले आहे?

परवा ताई आली. ज्या कारभारासाठी ती खोटे बोलली, तो दिराने तरीही काढून घेतला. आता ती स्वतःची लहानशी शेड घालते आहे. तिने स्टूल ओढले आणि वायरिंग तूच करशील ना, असे खाली बघत विचारले. तो करेन म्हणाला. पट्टी कोणती लावू, असेही त्याने विचारले, अगदी साध्या आवाजात. तिने मान वर केली आणि मी तिला दिसले.

"राखाडीच लाव," ती म्हणाली. "मीच घासली होती रे. तुला कळलं होतं ना?"

"त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला विचारलं होतं ना, ताई."

ती रडली. मला तिची दया आली नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आले. त्याने सवयीने माझ्याकडे बोट केले आणि तेच विचारले. ठिणग्या या वेळी हो म्हणाला नाही. तो काउंटर पुसत राहिला. ताईने पदराने तोंड पुसले आणि उभी राहिली.

"ही मी घासली होती," ती म्हणाली. "याने नीट लावली होती. याची काही चूक नव्हती."

"असं होय," गिऱ्हाईक म्हणाले. "बरं, एक बल्ब द्या. नऊ वॅटचा."

ठिणग्याने बल्ब लावून दाखवला, तो पेटला, आणि गिऱ्हाईक बल्ब घेऊन निघून गेले.

म्हणून सांगते मित्रांनो, एखाद्या वस्तूचे रूप तुम्हाला आवडले नाही, तर हातात पॉलिश पेपर घेण्याआधी ज्याने ती लावली त्याला विचारा. माझी ती मळकट कातडी मळ नव्हती. आणि तुमच्या हातून चूक झालीच, तर ज्या दिवशी कोणी विचारेल, त्या दिवशीच बोला. पुढे तुम्ही कितीही खरे बोललात, तरी समोरच्याला फक्त बल्ब हवा असतो.