इयत्ता दिवा, विषय पाणी

डेन्मार्कच्या एका कंपनीला १९९४ साली भारतातल्या शाळांचा अचानक कळवळा आला. शाळेचं वेळापत्रक चार मिनिटांत लावून देणारं सॉफ्टवेअर त्यांनी बनवलं होतं आणि ते विकून विकून त्यांच्या देशातल्या शाळा संपल्या होत्या. आता नंबर आपला. त्यासाठी त्यांना इथलं एक माणूस हवं होतं. पेपरातली जाहिरात वाचून ठाण्यापलीकडच्या दिवा गावातल्या शकू ओव्हाळनं अर्ज ठोकला.

शकू तेव्हा डोंबिवलीच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. क्लासचे मालक तिला 'ए मुली' म्हणायचे आणि पाहुणे आले की चहा सांगायला पिटाळायचे. कंपनीनं फॅक्सवर अट घातली: जूनपासून एक शाळा आमच्या वेळापत्रकावर चालवून दाखवा, जुलैत आमचा माणूस बघायला येईल. जमलं तर ठाण्यात ऑफिस आणि तुम्ही मॅनेजर, नाही जमलं तर आम्ही मलेशियाला. शकूनं त्याच दिवशी राजीनामा दिला आणि जाता जाता मालकांना जे सुनावलं, त्यानंतर तिथे परत जायची सोय उरली नाही.

कल्याणच्या एका शाळेचे हेडमास्तर, गणू म्हात्रे, लगेच तयार झाले, कारण सॉफ्टवेअरबरोबर कॉम्प्युटर फुकट मिळत होता. नाक मुरडलं ते सीताराम तांडेल सरांनी. बावीस वर्षं वेळापत्रक तेच लावायचे. मे महिन्यात आठ दिवस घरच्या ओट्यावर पुठ्ठा आणि रंगीत टाचण्या घेऊन बसायचे.

"चार मिनिटांत?" ते म्हणाले. "मग उरलेले आठ दिवस तुझं यंत्र काय करतं? आंबे खातं?"

शाळा उघडली. सकाळी सातपासून सगळं सुरळीत चाललं होतं आणि शकू स्टाफरूममध्ये मनातल्या मनात ठाण्याच्या ऑफिसला पडदे लावत होती. सव्वाअकराला सातवा तास सुरू झाला आणि तीन वर्गांतून एकदम बोंब उठली. बाईच नाहीत! पोरांनी बाकांचा किल्ला केला होता. जाधवबाई, सोनवणेबाई आणि पाटीलबाई, तिघी पर्स उचलून पसार झाल्या होत्या. हेडमास्तर छताचा पंखा निरखत उभे राहिले.

तांडेल सरांनी जुना पुठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. तिघींचे रोजचे शेवटचे दोन तास: ग्रंथालय.

"सर, पण आपलं ग्रंथालय म्हणजे ते एक कपाट. त्यालाही कुलूप."

"किल्ली सत्त्याऐंशी साली हरवली."

"मग या करतात काय?"

"पाणी भरतात. तिघी दिव्याला राहतात. नळ पावणेबाराला येतो, जेमतेम तासभर. त्या बदल्यात सकाळचे पहिले तास त्याच घेतात, कुणाला नको असलेली परीक्षेची देखरेख त्याच करतात. हे सगळ्या शाळेला माहीत आहे, फक्त लिहिलेलं कुठे नाही. तू राहतेस कुठे?"

"दिव्याला."

"आणि तुला नळाची वेळ माहीत नाही?"

"आमच्याकडे पाणी आई भरते," शकू म्हणाली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं ती दिव्याच्या चाळीतल्या खोलीत राहत होती. पाणी हंड्यात असतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

सॉफ्टवेअरला हे समजावणं आणखी कठीण. शिक्षक गैरहजर असण्याची तीनच कारणं त्याला मान्य होती: आजारपण, बाळंतपण आणि प्रशिक्षण. यातलं एकही रोज कसं जमणार? शेवटी शकूनं त्याला सरळ टोपी घातली. एक नवीन वर्ग उघडला. इयत्ता दिवा, विषय पाणी, रोज जोडतास, शिक्षिका तीन. यंत्रानं मुकाट्यानं मान्य केलं आणि बाकीची शाळा त्याभोवती बसवली. दुसऱ्या दिवसापासून एकही वर्ग रिकामा राहिला नाही. तांडेल सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि आपल्या टाचण्यांची डबी तिला देऊन टाकली.

जुलैत कंपनीचे येन्स साहेब आले. सहा फूट उंची, पायात सँडल, कुणीही दिलेला चहा पिणारे. त्यांनी वेळापत्रक बोटानं तपासलं आणि बोट नेमकं तिथेच थांबलं. एका वर्गाला रोज तीन शिक्षिका? आणि खोली क्रमांक नाही? हा वर्ग मला बघायचाय.

हेडमास्तरांनी शकूला बाहेर ओढलं. "घाबरू नकोस. पाचवीची तीस पोरं प्रयोगशाळेत बसवतो. फळ्यावर 'पाण्याचे महत्त्व' लिही. तिघींना आज थांबवून घेतो."

शकूनं खडूही उचलला. मग तिच्या डोक्यात आलं, तिघी थांबल्या तर आज तीन घरं कोरडी. तिनं खडू ठेवला आणि साहेबांना घेऊन दिव्याला निघाली. नोकरी गेली असं धरूनच निघाली होती.

नळापाशी चिखलात चाळीसेक बायका होत्या. तिघी शिक्षिका पदर खोचून रांगेत. साहेबाला बघून सोनवणेबाईंनी सवयीनं "गुड मॉर्निंग सर" केलं. शकूनं इंग्रजीत सगळं खरं सांगून टाकलं.

साहेबांनी रांग शेवटापर्यंत बघितली आणि विचारलं, "हा वर्ग कधी बुडतो?"

"नळाला पाणी आलं नाही तर."

"आणि रांगेतल्या त्या पहिल्या बाई? त्यांचं नाव वेळापत्रकात नाही."

"ती माझी आई. माझा तास ती घेते."

आईनं, भीमाबाईनं, वळून पाहिलं. "शकू? कामाचं टाकून आलीस? आन् ह्यो कोन? हंडा असंल तर रांगंला लाव, नायतर बाजूला हो म्हनावं."

साहेब बाजूला झाले नाहीत. त्यांनी भरलेली कळशी उचलली, चाळीपर्यंत निम्मी सांडत नेली आणि भीमाबाईची बोलणी खाल्ली.

ऑगस्टमध्ये फॅक्स आला. ठाण्यात ऑफिस मंजूर. सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत गैरहजेरीचं कारण ज्यानं त्यानं स्वतः लिहावं, अशी सोय होणार होती. तळाला एक ओळ होती: मॅनेजरनं आपलंही वेळापत्रक कळवावं. शकूनं लिहिलं: आठ ते अकरा, दीड ते सात. मधल्या वेळेत दिवा.

सोमवारी साडेअकराला ती हंडा घेऊन रांगेत उभी राहिली. भीमाबाई मागोमाग आलीच.

"आई, तू घरी जा. झोप जरा."

"जाते की. आधी बघू दे, तुला भांडता तरी येतं का."

तेवढ्यात एक बाई मध्ये घुसली. मॅनेजर म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी." सगळी रांग हसली. भीमाबाईनं कपाळावर हात मारला, पण मध्ये पडली नाही. शेजारच्या दुकानाच्या पायरीवर टेकली, पाय लांब केले आणि लेकीचा नंबर कधी येतो ते बघत राहिली. सात वर्षांत ती त्या नळापाशी पहिल्यांदाच बसली होती.