साफ रिपोर्ट

लघवीला जळजळ झाली म्हणून आमच्या नाशकात निम्म्या बायका डॉक्टरकडे येतच नाहीत. मेडिकलवाल्याला हळूच सांगतात, तो दोन गोळ्या कागदात बांधून देतो, आणि त्या गोळ्यांना पुरून उरलेले जंतू घेऊन मग त्या माझ्याकडे येतात. २००४ सालापर्यंत मी या सगळ्याला पुरती विटले होते. पंचवटीतल्या दवाखान्यात बसून एकेक औषध निकामी होताना बघायचं, आणि तेच औषध पुन्हा लिहून द्या म्हणून कंपनीचे टाय घातलेले तरुण दारात उभे.

आधार होता तो ज्ञानेशचा. हा आमचा पॅथॉलॉजिस्ट. शहरातल्या लघवीच्या रिपोर्टांवरून तो दरवर्षी तक्ता करायचा, इथल्या जंतूंवर कुठलं औषध अजून चालतं आणि कुठलं नाही याचा. पुस्तकं परक्या मुलखाची, तक्ता आमच्या नाशकाचा.

पल्लवी मखमलाबादची. घरी झेंडू-शेवंतीचा मळा, आणि हिला सातवा महिना. पहिलं मूल असंच सातव्यात गेलं होतं. लघवीतले जंतू किडनीपर्यंत चढले, ताप आला आणि बाळ पोटातच गेलं. तेव्हा डॉक्टर दुसरे होते. "पण रिपोर्ट साफ व्हता," असं सासू, नवसाबाई, मला ठासून सांगायची. आता पुन्हा जळजळ सुरू झाली म्हणून मी लघवी तपासायला पाठवली. जंतू नाहीत. पुन्हा पाठवली, तरी नाहीत. पोरगी कळवळतेय आणि कागद म्हणतो सगळं छान आहे.

मी ज्ञानेशवर उखडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, लघवीतले जंतू मेलेत, आतले नाहीत. बाई गोळी खाऊन येतेय. विचारा तिला."

विचारलं. पल्लवीनं मान खाली घातली. उत्तर नवसाबाईनं दिलं, तेही कौतुकानं. "तपासायला द्यायची ती घाण कशी द्यायची? चार लोकं बघत्यात. म्हनून आदल्या दिशी मेडिकलातून गोळी आनून देते हिला. साफ करूनच आनतो आम्ही."

पाहुणे यायच्या आधी अंगण झाडावं, तसं. मला रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"अशा कितीजणी असतील," ज्ञानेश म्हणाला. "माझ्या तक्त्यात गोळीला न जुमानणारे जंतूच तेवढे येतात."

पल्लवीचा रिपोर्ट मुका, म्हणून मी तक्त्याला विचारलं. त्या निगरगट्ट जंतूंवरही दहातल्या नऊ वेळा चालणारं एक औषध त्यात होतं. नायट्रोफ्युरँटॉइन. जुनं, स्वस्त, मळमळ आणणारं. कुणी लिहीत नव्हतं, म्हणूनच टिकलं होतं. मेडिकलवाल्याला ते मागवून घ्यावं लागलं.

जळजळ थांबली. पण गरोदरपणात जंतू न दुखवताही दडून बसतात, म्हणून औषध संपल्यावर आठवड्याने पुन्हा तपासायचं ठरलं. "या वेळी आधी एकही गोळी द्यायची नाही, मावशी. बाळाचा जीव यावर आहे," मी सांगितलं. नवसाबाईनं इतक्या पटकन मान डोलावली की मी तिथेच आशा सोडली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पल्लवी एकटीच आली. सासू फुलबाजारात झेंडू विकायला बसली होती. "काल दिली होती त्यांनी गोळी," पल्लवी म्हणाली. "गालात धरली अन् मागं जाऊन थुंकली. घाण असंल मॅडम. हाय तशी आनली."

जंतू निघाले. तक्त्यातली ती दहावी बाई पल्लवीच होती; माझ्या औषधानं जळजळ दबली होती, जंतू मेले नव्हते. पण कोणतं चालेल तेही रिपोर्टात स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि गरोदर बाईला देता येईल असं. ताप यायच्या आत हे हाती आलं होतं. जंतू सापडले म्हणून आनंद व्हायची माझी ती पहिलीच वेळ.

तिला हे सगळं समजावून सांगितलं.

"मॅडम, पहिल्या वेळी पन आत्याबाईंनी गोळी दिली होती. रिपोर्ट साफ आला, म्हनून डॉक्टरांनी काहीच औषध दिलं नाय."

काहीतरी सारवासारव करायला हवी होती. तेवढा जोर माझ्यात नव्हता. "हो," मी म्हणाले. "जंतू तेव्हाही आत राहिले असणार."

ती रडली नाही. चिठ्ठी घडी करून ब्लाउजात खोचली आणि उठली.

"आत्याबाईंना सांगू नका. माझ्यापेक्षा त्याच लय रडल्या होत्या."

"अगं, पण त्या पुढच्या वेळी पुन्हा गोळी देतील."

"देऊ द्या," ती म्हणाली. "मी गालात धरीन."