मास्क कोणी काढला

घणसोली गावात अंकुश गायसमुद्रे यांना लहानथोर सगळेच सर म्हणत, पण ते कधी कुठल्या शाळेत सर नव्हते. जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते फिटर होते. लातूरकडच्या त्यांच्या शाळेत सॉफ्टबॉलचं वेड होतं आणि त्या वेडापायी ते जिल्ह्याच्या संघापर्यंत पोचले होते. पुढे पोटासाठी इकडे आले, गावठाणात भाड्याची खोली घेतली, आणि एका रविवारी गावामागच्या मोकळ्या मैदानात चार पोरींच्या हातात बॅट दिली. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती.

सुरुवातीला गावाला हे पचलं नव्हतं. आपल्या पोरी, त्यांना शिकवणार कोण, तर कुठून तरी आलेला भाडेकरू. पण दोन हजार पाच साली पोरींनी राज्याचं सुवर्णपदक आणलं, गावाने त्यांची ट्रकवरून मिरवणूक काढली आणि तिथून तो खेळ गावाचाच झाला. त्या पदकावर नमिता पोलिसात लागली. तिच्यामागून दोघी रेल्वेत गेल्या, एक शाळेत खेळाची शिक्षिका झाली. आता त्यांच्या पुतण्या-भाच्या मैदानात येत होत्या.

यंदा मंडळाने सगळ्या जुन्या-नव्या खेळाडूंचा आणि सरांचा जाहीर सत्कार ठरवला. मंडळाचा अध्यक्ष मिथुन नावांची यादी घेऊन सरांच्या खोलीवर आला. सरांनी ती दोनदा वाचली. पहिल्या काही वर्षांत खेळायला येणाऱ्या पुतळाचं नाव त्यात नव्हतं.

मिथुनचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ती जिल्ह्याला खेळलीच नाही, त्याच्या आधीच तिचा डोळा गेला, मग तिला खेळाडू म्हणायचं कसं? सर म्हणाले, तिचं नाव नसेल तर माझंही काढ. मिथुनला वाद घालायचा नव्हता. त्याने खिशातून पेन काढलं आणि यादीच्या तळाशी नाव लिहिलं. पत्रिका मात्र सर स्वतः घेऊन गेले.

पुतळा खांदेश्वरला राहायची. एका डोळ्याची पोरगी म्हणून तिची दोन स्थळं मोडली होती, शेवटी तिला एका बिजवराला दिली. माणूस चांगला निघाला, पण सहा वर्षांपूर्वी तो वारला. आता ती घरी तांदळाच्या भाकऱ्या करून दोन खानावळींना पुरवायची. सर गेले तेव्हा परातीत उकड मळत होती. हात धुऊन तिने पत्रिका घेतली आणि उजवा डोळा कागदाच्या जवळ नेऊन आपलं नाव वाचलं. बराच वेळ ती त्या नावाकडे बघत राहिली.

"मी तर एकपन मॅच खेळले नाय, सर," ती म्हणाली.

सरांनी नजर परातीकडे वळवली. तिच्या नजरेला नजर द्यायची त्यांची बावीस वर्षांत हिंमत झाली नव्हती, कारण जे घडलं ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं.

तेव्हा पुतळा सोळा वर्षांची होती. अशी कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून बॉल झेलणारी, सरांनी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. बॉल कुठे येणार हे तिला टाकणाऱ्याच्या आधी कळायचं. जिल्ह्याची निवड तीन दिवसांवर आली होती. संघाकडे कॅचरने तोंडावर घालायचा एकच मास्क होता, त्याची जाळी तुटली म्हणून सरांनी तो पावण्याला वेल्डिंगला दिला होता. सकाळी बाकीच्या पोरी यायच्या आधी पुतळा एकटीच मैदानात आली. खाली पडून येणारे बॉल अडवताना ती जरा कच्ची होती, तेवढं सरांना करून घ्यायचं होतं. ती म्हणाली, सर, मास्क आल्यावर करू. सर म्हणाले, दहाच बॉल. सातवा बॉल टप्पा पडून एका खड्यावर आपटला, उसळला आणि तिच्या डाव्या डोळ्यात बसला.

रिक्षात ती ओढणी डोळ्यावर दाबून बसली होती. ओढणी भिजून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तरी बोलत होती तीच. अप्पांना सांगू नका, म्हणाली. मास्क होता, गरम व्हायला लागलं म्हणून मी काढून ठेवला, असं मीच सांगते. खरं कळलं तर अप्पा तुमाला गावात ठेवनार नाय, आनि उद्यापासून एकपन पोरगी मैदानात येनार नाय.

सरांनी मनाशी ठरवलं, ही बरी होऊ दे, मग आपणच जाऊन सांगू. पण डोळ्याचा उजेड परत आला नाही. मग जिल्ह्याची स्पर्धा आली, मग राज्याची, मग पदक. सांगायचा दिवस पुढे पुढे जात राहिला.

पुतळाचे वडील गोटीराम यांनी मात्र पोरीला एक दिवस सोडलं नाही. स्वतःच्या हाताने डोळा घालवला, हे त्यांचं पालुपद. स्थळ मोडलं की तेच, ती गौरीला माहेरी आली की चारचौघांत तेच. घरात कुणी हट्ट केला की गोटीराम तिच्याकडे बोट दाखवायचे. ती खाली मान घालून ऐकून घ्यायची.

त्या दिवशी खांदेश्वरला सरांनी तिला विचारलं, आता तरी सांगू का? सगळं गाव जमणार आहे.

"नको," ती लगेच म्हणाली. "दीपेशदादाची उन्नती, माझी भाची, खेळतेय. माझ्याच जागेवर, कॅचर. अप्पा तिला त्याच दिवशी घरी बसवतील. मला वचन द्या."

सरांनी वचन दिलं.

सत्काराला मैदानात मांडव घातला होता. संध्याकाळी पाचपासूनच खुर्च्या भरल्या. एकेक नाव पुकारलं जाई, पोरगी वर येई, शाल, नारळ, सन्मानचिन्ह. नमिता ड्यूटीवरून गणवेशातच आली होती, तिला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. उन्नती नव्या पोरींच्या रांगेत पहिली बसली होती, तेरा वर्षांची, मांडीवर ग्लोव्ह. पुतळाचं नाव शेवटी आलं. टाळ्या थोड्याच पडल्या, बहुतेकांना ती कोण हेच आठवेना. मिथुनला वाटलं, बापाच्या हातून शाल दिली तर बरं दिसेल, म्हणून त्याने गोटीरामना वर बोलावलं आणि माईकही त्यांच्याच हातात दिला.

ऐंशीला टेकलेले गोटीराम काठी टेकत उभे राहिले. गर्दी बघून त्यांना चेव आला असावा.

"मास्तरनी आमच्या पोरी घडवल्या," ते म्हणाले. "त्याचा कवाच दोष नव्हता. माझीच पोर हट्टी. मास्क काढून ठेवला न डोला घालवला. आज ज्या पोरी बसल्यात त्यांनी ध्यानात ठेवा, मास्तरचं ऐकलं नाय तं हिच्यासारखी गत होल."

काही लोक हसले. पुतळा शाल घ्यायला हात पुढे करून उभी होती, ते हात तसेच राहिले. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. इतकी वर्षं ऐकून ऐकून तो चेहरा सरावला होता, आणि तेच सरांना बघवलं नाही. तिला माहेरी असं बोलतात हे त्यांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीतून कधी उठले, माईक कधी हातात घेतला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मास्क तिने काढला नव्हता, दादा," ते म्हणाले. "मास्क त्या दिवशी मैदानात नव्हताच. मी तो वेल्डिंगला दिला होता. ती नको म्हणत होती. दहाच बॉल, असं मी म्हटलं. बॉल मीच टाकला. तिने आजवर सगळं आपल्या अंगावर घेतलं ते मला वाचवायला."

गोटीरामनी पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "खरं हाय हे?"

"नाय, अप्पा," पुतळा म्हणाली. तिचा आवाज अजिबात हलला नाही. "सरांचं वय झालं, त्यांना काय आठवत नाय. मास्क मीच काढला होता."

पण गोटीराम तिच्याकडे बघतच राहिले आणि त्यांना कळलं. त्यांनी हातातली शाल टेबलावर ठेवली. मग काठी न घेताच पायऱ्या उतरू लागले, दीपेशने धावत येऊन त्यांना धरलं. जाताना त्यांनी उन्नतीचा हात पकडून तिला उठवलं. ग्लोव्ह खाली पडला, तो उचलायलाही तिला थांबू दिलं नाही.

घरी आल्यावर सरांची बायको संघमित्रा त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून बसली. मलासुद्धा कधी बोलला नाहीत, एवढंच म्हणाली. रिक्षातल्या त्या रक्ताने माखलेला सरांचा शर्ट तिनेच धुतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोटीराम खोलीवर आले. शिव्या देतील, हात उगारतील, असं सरांना वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं. म्हातारा उंबऱ्यावरच बसला.

"बावीस वरसं मी तिला बोललो, मास्तर," तो म्हणाला. "सनासुदीला बोललो. तिचा नवरा मेला तवापन बोललो, तुझ्या नशिबात तूच माती घातली म्हनून. ते सगलं आता कुठं ठेवू मी?"

सरांनी त्यांचे पाय धरले. गोटीरामनी पाय हळूच काढून घेतले आणि ते उठून गेले.

त्या आठवड्यात मैदानात चौदा पोरींपैकी पाच आल्या. पुढच्या आठवड्यात दोन. आयांपैकी सरांच्या तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. परीक्षा आहे, क्लास आहे, पाय दुखतो, अशी कारणं आली. नमिता येऊन गेली, घरोघर फिरून तिने समजावलं, आता सगळ्यांना मास्क आहेत, तेव्हासारखं नाही. पण ज्या माणसाने एका पोरीचा डोळा घालवला आणि बावीस वर्षं तोंड मिटून सत्कार घेतले, त्याच्या ताब्यात पोर द्यायची कशी, हा प्रश्न तिला दारोदार ऐकावा लागला. महिन्याच्या शेवटी मिथुनने साहित्याच्या खोलीची किल्ली मागून घेतली. बोलताना तो सरांकडे बघत नव्हता. डिसेंबरपासून मैदान क्रिकेटवाल्यांना दिलं.

सर खांदेश्वरला गेले. त्यांना माफी मागायची होती. पुतळाने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं आणि पुन्हा तव्यासमोर बसली. 

"तुमाला हलकं वाटलं ना, सर?" तिने मान वर न करता विचारलं.

नाही, सर म्हणाले.

"मग कोनासाठी बोललात? मी तर बोलू नका म्हनाले होते." तिने भाकरी उलटली. "माझ्याकडं दुसरं काय नव्हतं. शिक्षन नाय, पदक नाय. नमिता टीव्हीवर दिसली, कोनाला नोकरी लागली, की मी मनात म्हनायचे, हे माझ्या डोळ्यावर उभं हाय. कोनाला म्हाईत नव्हतं, मला म्हाईत होतं. तेवढं मला पुरत होतं."

सर म्हणाले, तुला सगळ्यांसमोर तसं बोललेलं मला ऐकवलं नाही.

"मी ऐकत होते ना," ती म्हणाली. "तुमाला एक दिवस ऐकवलं नाय."

मग ती वडिलांबद्दल बोलू लागली. अप्पा आता दर शनिवारी येतात, म्हणाली. दीपेशदादा सोडून जातो. येतात, त्या खुर्चीत बसतात, चहा देते तो गार होतो. एक शब्द बोलत नाहीत. आधी निदान बोलत तरी होते. परवा जाताना त्यांनी तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखे रडले. ते सांगताना तिचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा फुटला. तिने पदराने तोंड दाबलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

सर उठून गॅस बंद करायला गेले, तिने हातानेच त्यांना थांबवलं. थोड्या वेळाने डोळे पुसून तिने नवा गोळा घेतला. खानावळीचा माणूस बाराला येणार होता आणि अजून वीस भाकऱ्या बाकी होत्या.

सर त्यानंतर गेले नाहीत. कारखान्यातून ते मार्चमध्ये निवृत्त झाले. संघमित्राने लातूरकडे परत जायचा विषय काढला, तेव्हा ते हो म्हणाले.

जायच्या आदल्या दिवशी गल्लीत उन्नती समोरून आली. क्लासची बॅग होती पाठीवर. ती थांबली, आजूबाजूला घरचं कुणी नाही ना पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सर, खाली पडून येणारा बॉल अडवताना अंग पुढं झुकवायचं की मागं?"

"पुढे," सर म्हणाले. "हनुवटी छातीला."

तिने मान हलवली आणि क्लासला निघून गेली.