झ्लाताचं नाव

पुस्तक लिहायला पेर्लाला चार वर्षं लागली, त्यातलं दीड वर्ष एकाच पानावर गेलं. युद्धाच्या शेवटी छळछावणी रिकामी करताना जर्मनांनी चालू शकणाऱ्यांना रांगेत काढलं, तेव्हा तापाने फणफणलेल्या धाकट्या बहिणीला, झ्लाताला, आजाऱ्यांच्या बराकीत टाकून पेर्ला रांगेत उभी राहिली. तेच ते पान. मागे राहिलेल्यांना जाळलं, असं सगळेच सांगत होते. तिनेही तसंच लिहिलं.

मेलबर्नमधल्या आमच्या गाववाल्यांच्या मंडळाने पुस्तक छापून जगभर पाठवलं. समारंभात लोकांनी डोळे पुसले, केक खाल्ला नि घरी गेले. लोकांना काय! दोन महिन्यांनी इस्रायलमधल्या हैफाहून कुणा अनोळखी बाईचं पत्र आलं. तुमची बहीण जळली नाही, बाईने लिहिलं होतं. पोलंडमधल्या क्षयाच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारच्या खाटेवर होती. बावन्नच्या नोव्हेंबरात गेली. शेवटपर्यंत टपालाची वाट बघायची.

पेर्लाची मुलगी जन्मली होती पन्नासच्या मार्चमध्ये.

आता आमच्याकडच्या ज्यू लोकांत नाव ठेवतात ते गेलेल्याचं. जिवंत माणसाचं ठेवलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं मानतात. आमच्या धर्मगुरूंनी, रब्बाईंनी तेव्हा बजावलं होतं, बहिणीचा शोध चालू आहे ना, मग तुझ्या आईचं नाव ठेव. युद्धात हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीनेही कळवलं होतं, धीर सोडू नका. पण वाट बघून बघून पेर्लाचा जीव मेटाकुटीला आला होता, एकदाचं काय ते संपू दे असं तिला झालं होतं. तिने मुलीचं नाव झ्लाता ठेवलं आणि त्याच आठवड्यात शोध बंद करा म्हणून लिहून टाकलं. नाव तर देऊन बसले, आता कुठल्या तोंडाने शोधायचं?

मुलीने परोपरीने समजावलं. मावशी क्षयाने गेली, नावाने कुणी मरतं का, तुझा काय दोष? दुसऱ्या आवृत्तीत हे सगळं लिही, असंही सुचवून पाहिलं. पेर्लाने पेनाला हात लावला नाही.

एका शुक्रवारी जेवताना मुलीचा बांध फुटला.

"आई, महिना झाला, तू मला नावाने हाक मारली नाहीस. 'ए', 'ऐकलंस का', हे काय चाललंय? चव्वेचाळीस वर्षं माझं नाव आहे ते."

"पहिली पावणेतीन वर्षं नव्हतं," पेर्ला म्हणाली. "तेव्हा ती ते वापरत होती. ती पत्राची वाट बघत होती, आणि मी तिचं नाव उचलून तुला दिलं."

"मग मला काय म्हणणार तू?"

पेर्लाने खरोखर विचार केला. आईचं, आत्याचं, चुलतबहिणींचं. घरातल्या मेलेल्यांची नावं ढीगभर होती, पण आता कोण खरंच मेलंय हे तिला ठामपणे सांगता येईना. तिने सूप पुढे सरकवलं.

पुढे मुलगी यायची, दार वाजवायची. आतून पेर्ला विचारायची, कोण? मुलगी म्हणायची, मी.