जायफळाचे वेढे

मुरुडशेंग सहाणेवर सरळ टेकत नाही – टोक धरावे तर पोट निसटते – आणि सत्यभामा ती अशी दाबून घासत होती की ओसरीवरून सासू म्हणालीच, "सहाण फोडतं का वं?"

फुटू दे. तुझ्याच माहेरची आहे ना...

हिरडा उगाळून झाला, बेहडा झाला, वेखंडही. पाळण्यात पोरगी पाय पोटाशी आवळून किंचाळत होती. या घरात बाळगुटी सासूने, दुर्गाबाईनेच उगाळायची. सुनेच्या हाताला तेवढी अक्कल नाही म्हणे. मग कापसाला सोन्याचा भाव आला, ज्वारीची वावरेसुद्धा कापसाखाली गेली, बायका उजाडल्यापासून सरकी काढायच्या रेच्यावर बसू लागल्या, आणि नेमकी तेव्हापासूनच पोरगी दिवसदिवस झोपू लागली. किती गुणाची म्हणून मीच तिची दृष्ट काढली – मी, मूर्ख! काल पाहिले. बाकी औषधांचा एकेक वेढा, आणि जायफळ म्हातारी उगाळतच होती, उगाळतच होती. उचलल्यावर पोरीची मान कशी लोंबली होती...

"तिले मारता का, आत्याबाई?" तिने वाटी हिसकावली होती.

"झोपली त पोटाले आराम. अन् रेच्यावर कोण बसन? तुहा बाप?"

म्हणून आज वाटी तिच्या हातात होती. जिंकले मी. सडो म्हातारी तिकडे. आता जायफळ, एकच वेढा, नावापुरता.

दारातून नवरा ओरडला, "गाडी अमरावतीले निघून राहिली! कापूस झाला का नाही अजून?" खुशालरावाला पोरगी रडताना ऐकू येत नव्हती, त्याला हल्ली भावच तेवढा ऐकू येई. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पाठ मोडलेली, आणि हे रडणे, हे रडणे – गप्प बस ग, सटवे, गप्प बस एकदाची...

तिने खाली पाहिले. हात फिरतच होता. सहाणेवर तपकिरी गंध दाट साचले होते, आणि किती वेढे झाले ते तिला सांगता येईना.

बोटाने पुसून टाकता आले असते. तिने ते वाटीतल्या दुधात कालवले.

मान वर केली तर दुर्गाबाई तिच्याकडेच पाहत होती. सगळे पाहिलेले.

बोल ना, म्हातारे. एरवी मिठाच्या खड्यावरून बोलतेस... हिसकाव ना वाटी.

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती सासूच्या बोलण्याची वाट पाहत होती.