दांडीचा रंग

नवी गाडी नोंदवून आलेल्या माणसाला जिथे तिथे एकच प्रश्न भेटतो. जिन्यात, दुकानात, केस कापायला बसल्यावरसुद्धा. "काय मग, गाडी कधी?" तुम्ही-आम्हीही हा प्रश्न कुणाला ना कुणाला विचारलेला असतो. विचारणारा विचारून मोकळा होतो. ज्याला विचारलं त्याचा जीव मात्र दिवसभर खालीवर होत राहतो.

चष्मेवाल्यांचं तसंच झालं होतं. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून अख्खी इमारत त्यांना चष्मेवाले म्हणायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, "आता कसं दिसतंय? आणि आता?" यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. नवी कोरी गाडी ते पहिल्यांदाच घेत होते. रंगावरून घरात बरेच दिवस भांडण चाललं आणि शेवटी कुणालाच फारसा न आवडणारा राखाडी रंग ठरला. शोरूमने दिलेली तारीख आली आणि गेली. मग दुसरी दिली, तीही गेली. दुकानाचं शटर वर केलं की त्यांचं पहिलं काम म्हणजे शोरूमला फोन.

"सर, आपली गाडी ट्रान्झिटमध्ये आहे," तिकडची मुलगी गोड आवाजात सांगायची.

"म्हणजे कुठे?"

"म्हणजे निघालेली आहे, सर."

"निघाली ते कळलं हो. पोचली कुठे?"

"ट्रान्झिटमध्ये, सर."

गाडीचा पत्ता नव्हता, पण जागेची काळजी आधीच सुरू झाली होती. इमारतीखाली खांबांच्या मधे मोकळी जागा होती आणि ज्याने त्याने आपापला तुकडा धरून ठेवला होता. कुणी साखळी लावली होती, कुणी कुंड्या मांडल्या होत्या. एकाने तर मोडकं कपाटच आणून टाकलं होतं. तळमजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांच्या खिडकीसमोरची एवढी एकच जागा कुणी धरली नव्हती. चष्मेवाल्यांनी एका रविवारी वेल्डर बोलावला, दोन बाजूंना दोन खांब रोवले आणि कमरेच्या उंचीवर लांबलचक लोखंडी दांडी बसवली. तिला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा रंग दिला आणि वर कुलूप ठोकलं. गाडी आली की कुलूप काढायचं, दांडी उचलायची आणि गाडी आत घ्यायची.

बायको वरून बघत होती. म्हणाली, "गाडीने दांडी मारली म्हणून तुम्ही दांडी लावलीत होय!"

"आत्ता नाही लावली तर दुसरा कुणी लावेल."

"कुणी लावली होती का इतकी वर्षं?"

चष्मेवाल्यांनी ब्रश जपून डब्यात ठेवला. रंग ओला होता आणि त्यांना तो बोटाला लागू द्यायचा नव्हता.

आता या ड्रायव्हरकाकांबद्दल सांगायला हवं. काकांनी जन्मभर बस चालवली. निवृत्त झाले, आणि काही महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून घरी आले ते खुर्चीत बसूनच. इमारतीच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. चष्मेवाल्यांनीही पाठवलं. "लवकर बरे व्हा" असंही लिहिलं. त्यापुढे कुणी काही केलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण आजारी माणसाकडे जाऊन बोलायचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि मग जायचंच राहून जातं.

संध्याकाळी काकू काकांची खुर्ची दारात आणून ठेवायच्या. चष्मेवाले दुकानातून आले की काका मान वर करायचे आणि म्हणायचे, "गाडी?"

पहिल्यांदा चष्मेवाल्यांना बरं वाटलं. ते म्हणाले, "येईल हो काका, निघालीये."

दुसऱ्या दिवशी पुन्हा "गाडी?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू त्यांना ते टोचायला लागलं. बरं, विचारण्याची तऱ्हाही रोज वेगळी. एकदा काकांनी हसत हसत "गाडी, गाडी!" म्हटलं, तेव्हा ते चिडवताहेत अशी चष्मेवाल्यांची खात्रीच झाली. एकदा ओरडून म्हणाले. आणि एकदा तर डोळ्यांत पाणी आणून, अगदी हळू म्हणाले, "गाडी."

"माझ्या गाडीसाठी हा माणूस रडतो कशाला?" जेवताना चष्मेवाल्यांनी विचारलं.

"जागा त्यांच्या खिडकीसमोरची आहे, म्हणून असेल," मुलगी म्हणाली.

"म्हणजे टोमणा मारतात."

"रडून कुणी टोमणा मारतं का बाबा?"

ते कोडं सुटायच्या आतच दुसरं उभं राहिलं. दांडीचा रंग जाऊ लागला. आधी मधोमध बोटभर लोखंड दिसलं. मग ते पसरत गेलं आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत, वरच्या बाजूला, दांडी पार गुळगुळीत होऊन चकाकायला लागली. खालच्या बाजूचा रंग जसाच्या तसा होता. चष्मेवाल्यांनी खिशातलं भिंग काढून दांडी पाहिली. ओरखडा नव्हता. मुलं लोंबकळली असती तर दांडी वाकली असती. त्यांनी वास घेतला. दांडीला तेलाचा वास येत होता! खालची फरशी झाडून लख्ख केलेली होती आणि तिच्यावर रबराचे गोल गोल डाग उमटले होते.

"बाबा, गाडीच्या आधी गाडीचं भूत आलं वाटतं," मुलगी म्हणाली.

"आणि तेलपाणीही करून घेतंय," बायकोने भर घातली.

चष्मेवाल्यांना राग आला होता, पण रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. रंग कोण घालवतंय? कशाने? कशासाठी? गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंग धरतानाही त्यांच्या डोक्यात दांडीच असायची. शेवटी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ते दुपारी जेवून झोपले नाहीत. चपला हातात घेऊन जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून खालची सगळी जागा दिसायची.

गाड्या कामावर गेल्या होत्या. खाली शुकशुकाट होता. ड्रायव्हरकाकांचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. त्यांनी जागा झाडली. मग आत जाऊन काकांना धरून आणलं. काकांच्या एका हातात रबरी बुडाची काठी होती. दुसरा हात काकूंनी उचलला, तेल लावून चोळला आणि दांडीवर ठेवला. मग त्या काकांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टिंग टिंग!"

काकांनी पाय उचलला.

काकू पाठ न फिरवता मागे मागे चालत होत्या. "चला, पुढे चला. जागा आहे पुढे. अहो, गिअर टाका की, पाय ओढताय कशाला! हं... असं." काकांचा हात दांडीवरून इंच इंच सरकत होता. खांब आला. काकू म्हणाल्या, "टिंग!" काका थांबले. घामाघूम झाले होते. त्यांनी काकूंकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "गाडी."

"हो, पाणी देते. आधी श्वास घ्या."

चष्मेवाल्यांना काही कळेना. चपला तशाच हातात घेऊन ते अनवाणी खाली उतरले. त्यांना बघताच काकू गडबडल्या.

"भाऊ, तुम्ही? आज घरी? अहो, तुमच्या दांडीचा रंग गेला, माहीत आहे मला. मी लावून देणार होते. तेवढं..."

"रंगाचं राहू द्या, काकू. काका आत्ता गाडी म्हणाले आणि तुम्ही पाणी म्हणालात. ते कसं?"

काकूंनी तेलाचा हात पदराला पुसला. "म्हणजे तुम्हाला माहीतच नाही?"

"काय?"

"अहो, त्यांचे शब्द गेले सगळे. त्या दिवसापासून एवढा एकच राहिलाय. पाणी हवं तरी गाडी, पंखा लावायचा तरी गाडी, पाय दुखला तरी गाडी. मला हाक मारायची तरी गाडीच! एवढा संसार केला आणि आता माझं नाव गाडी." त्या हसल्या. "पण मला कळतं. आवाज ऐकायचा आणि तोंडाकडे बघायचं, मग कळतं."

चष्मेवाल्यांच्या कानात सगळ्या संध्याकाळी एकदम घुमल्या. हसतहसत म्हटलेलं गाडी. ओरडून म्हटलेलं. रडत म्हटलेलं.

"मग मला रोज..."

"तुम्हाला रोज 'आलात का' म्हणतात. तुम्ही आपले सांगता, येईल हो, निघालीये. एवढे खूश होतात! त्यांच्याशी बोलतं कोण दुसरं? येणारे-जाणारे मान खाली घालून जिना चढतात. त्यांनी काही म्हटलं की त्याला उत्तर देणारे या इमारतीत तुम्ही एकटे."

तुम्ही एकटे! चष्मेवाल्यांना हे शब्द शिवीसारखे लागले. कारण त्या प्रत्येक उत्तरामागे आपण मनात काय म्हणत होतो, ते त्यांना ठाऊक होतं.

"आणि त्या दिवशी रडले ते?"

"त्या दिवशी पहिल्यांदा या खांबापासून त्या खांबापर्यंत गेले होते. ते तुम्हाला सांगत होते."

काका दांडी धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होते. काकूंनी त्यांना खुर्ची आणून दिली आणि मग इतके दिवस पोटात ठेवलेलं बोलून टाकलं.

"डॉक्टर म्हणाले, धरायला आधार हवा आणि चालायला सरळ जागा हवी. घरात पलंग आणि कपाट यांच्यामधून मीच आडवी होऊन जाते, ते कुठे चालणार? तुमची दांडी लागली आणि मला वाटलं, आमच्यासाठीच कुणी लावली. खरं सांगते भाऊ, तुम्ही जशी गाडीची वाट बघताय तशी मीही बघतेय. रोज वाटतं, आजचा दिवस तरी येऊ नये. ती आली की ही दांडी गेली. कुणाच्या नव्या गाडीचं असं वाईट चिंतू नये, कळतं मला. पण वाटतं त्याला काय करू?"

"काकू, मला वाटलं जागा रिकामी आहे."

"सगळ्यांना तसंच वाटतं. गाडी उभी नसली की जागा रिकामी. अहो, माणूस उभा असला तरी तुम्हा लोकांना ती रिकामीच दिसते. तुम्ही तर डोळे तपासता!"

एवढं बोलून त्याच घाबरल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकू का?"

चष्मेवाले चहाला थांबले. त्या घरात ते पहिल्यांदाच बसले होते. काका बशीतून चहा पिता पिता एकदा म्हणाले, "गाडी." चष्मेवाल्यांनी आवाज ऐकला, तोंडाकडे बघितलं आणि साखरेचा डबा पुढे केला. काका इतके हसले की बशीतला चहा सांडला!

आणि नेमका त्याच आठवड्यात शोरूमचा फोन आला. "सर, अभिनंदन, गाडी आली!"

चष्मेवाले बायकोला आणि मुलीला घेऊन गेले. राखाडी रंग उन्हात छान दिसत होता, तिघांनाही ते मान्य करावं लागलं. गाडी फाटकातून आत आली तेव्हा इमारत खाली जमली होती. मोडक्या कपाटाचे मालक पुढे आले. "या, या! कुलूप काढा, दांडी उचलतो मी."

"दांडी राहू दे," चष्मेवाले खिडकीतून म्हणाले. "मागे पाण्याच्या टाकीजवळ लावतो."

"टाकीजवळ? झाडाखाली? अहो, पक्षी गाडीची रांगोळी करतील! आणि तिथे मागे घेताना भिंत आणि टाकी दोन्हीकडून लागेल. हक्काची जागा सोडून—"

"हक्काची कुठली? नुसती धरलेली होती ती. तुमच्या कपाटासारखी."

कुणीतरी हसलं. कपाटाचे मालक बाजूला सरकले.

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. मग डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "पुसायला जुने पंचे काढून ठेवते."

गाडी मागे घ्यायची वेळ आली आणि चष्मेवाल्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. एका बाजूला टाकी, एका बाजूला भिंत, आणि सगळी इमारत बघतेय. मुलगी खाली उतरून "डावीकडे, नाही, उजवीकडे" करत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"गाडी!"

काका दारातल्या खुर्चीतून उठले होते. एक हात दांडीवर ठेवून ते टाकीच्या बाजूच्या टोकाशी येऊन उभे होते. काकू धावल्या, पण त्यांनी मानेनेच 'थांब' म्हटलं. मग काठी काकूंच्या हातात दिली, दुसरा हात वर केला आणि ते खुणा करू लागले.

"गाडी... गाडी... गाडी..." म्हणजे ये, ये, येऊ दे. "गाडी!" म्हणजे चाक वळव. "गाडी, गाडी," म्हणजे आता सरळ कर, सावकाश. चष्मेवाले आरशात काकांच्या तोंडाकडे बघत होते आणि आवाज ऐकत होते. त्यांना एकेक शब्द कळत होता. शेवटचं "गाडी!" कडक आलं. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर भिंत वीतभर लांब होती. कुठेही ओरखडा नाही!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गाडीसाठी नव्हत्या, हे काकांनाही कळलं.

मंडळी, आपण सगळेच कशाची ना कशाची वाट बघत असतो, आणि ती वस्तू यायच्या आधीच तिच्यासाठी जागा अडवून ठेवतो. जागा अडवताना एकदा नीट बघावं. तिथे कुणीतरी आधीपासून उभं असतं. सगळ्यांची जागा म्हणजे कुणाचीच नाही, असा अर्थ आपण सोयीने काढतो. तिची खरी गरज असते ती मात्र ज्याला मागता येत नाही त्याला. आणि शेजारी आजारी असेल तर हात जोडल्याचं चित्र पाठवून थांबू नये. दार उघडं असतं, जाऊन बसावं. काय बोलायचं हा प्रश्न तिथे गेल्यावर सुटतो.

त्या संध्याकाळी गाडीवर पहिला पक्षी बसून गेला तेव्हा काका-काकू दारातच होते. काकांनी टाकीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाले. चष्मेवाले पंचा घेऊन खाली येत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले काका?"

काकूंनी काकांच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा नीट बघितलं आणि त्यांना हसू आवरेना.

"आज मात्र गाडीच म्हणाले हो."